जुन्या पिनबॉल-यंत्रांची दुरुस्ती व जीर्णोद्धार

१. विषयप्रवेश

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे दप्तरें, शिलालेख, ताम्रपट, नाणीं व बखरी हींच सामान्यतः डोळ्यांपुढें येतात. पैसा टाकून खेळावयाचें, कारखान्यांत तयार झालेलें एखादें यंत्र या मालिकेंत बसविणें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु साधनाचें साधनत्व त्याच्या प्रतिष्ठेवरून ठरत नसून तें आपल्या काळाविषयीं काय सांगतें यावरून ठरतें, हें तत्त्व एकदां मान्य केलें म्हणजे अमेरिकेंतील शिकागो शहरीं विसाव्या शतकांत मोठ्या संख्येनें निर्माण झालेलीं पिनबॉल-यंत्रेंहि साधनांतच जमा करावीं लागतात. त्यांच्या पेटींत त्या काळची विद्युद्विद्या आहे, कांचेवर त्या काळची चित्रकला आहे, आणि नाण्याच्या फटींत व तारांच्या जुडग्यांत त्या काळचा कायदा, व्यापार व जुगार यांच्या खुणा आहेत.

प्रस्तुत लेखांत मुख्यतः १९४७ ते १९७७ या तीस वर्षांतील विद्युत्-यांत्रिक यंत्रांचा विचार केला आहे. अशा यंत्राची रचना कशी असते, तें बंद पडलें असतां कोणत्या क्रमानें दुरुस्त करावें, आणि दुरुस्त करतांना कशास हात लावूं नये, हे तीन प्रश्न आम्हीं घेतले आहेत. यांपैकीं तिसरा प्रश्न आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा होय. कारण ज्या दुरुस्तीनें यंत्र चालूं लागतें, त्याच दुरुस्तीनें त्याची साक्ष कायमची पुसली जाण्याचाहि संभव असतो.

२. यंत्राची वंशावळ

बॅगाटेलची फळी आपल्याकडील घरांतून अपरिचित नाहीं. उतरती फळी, तिच्यावर खिळ्यांचीं कुंपणें, गुणांचे आंकडे लिहिलेले कप्पे, आणि उजव्या बाजूस स्प्रिंगचा दांडा ओढून सोडावयाची गोळी, असें तिचें स्वरूप सुटींत अनेकांनीं पाहिलें असेल. हा खेळ मूळचा अठराव्या शतकांतील फ्रान्समधला. ओहायो संस्थानांतील सिनसिनाटी येथें राहणाऱ्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यानें सन १८७१ मध्यें बॅगाटेलच्या सुधारणांचें पेटंट घेतलें. त्या सुधारणांत स्प्रिंगचा दांडा ही प्रमुख होय. आजच्या पिनबॉलची वंशावळ येथून मांडण्याची वहिवाट आहे.

महामंदीच्या ऐन भरांत, सन १९३१ मध्यें, शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यानें ‘बॅफल बॉल’ नांवाचें टेबलावर ठेवण्याजोगें लहान यंत्र बाजारांत आणलें. त्याची किंमत अवघी साडेसतरा डॉलर होती, व एक पेनी टाकली कीं खेळावयास मिळत असे. हातीं पैसा नसलेल्या लोकांस इतकी स्वस्त करमणूक दुसरी नव्हती. यामुळें मागणी पुरवितां पुरवितां कारखान्याची तारांबळ उडाली. ही मागणी पाहूनच रे मोलोनी यानें ‘बॅलीहू’ हें यंत्र काढलें, व त्याच्याच नांवावरून ‘बॅली’ ही पुढें प्रसिद्धीस आलेली कंपनी ओळखली जाऊं लागली. सन १९३३ मध्यें हॅरी विल्यम्स याच्या ‘कॉन्टॅक्ट’ या यंत्रांत बॅटरीवरील विजेचा प्रवेश झाला. खळग्यांत पडलेली गोळी विजेच्या धक्क्यानें बाहेर उडूं लागली. सन १९३६ च्या अखेरीस बॅलीच्या ‘बंपर’ या यंत्रांत गोळीच्या नुसत्या स्पर्शानें गुण मोजणारे स्प्रिंगचे खांब आले.

परंतु या सर्व यंत्रांत दांडा सोडल्यावर खेळणाऱ्याच्या हातीं फारसें कांहीं उरत नसे. गोळी कोठें जाईल हें बहुतांशीं दैवावर, व थोडेंबहुत पेटीस दिलेल्या हिसक्यावर, अवलंबून होतें. सन १९४७ मध्यें गॉटलीब कंपनीच्या हॅरी मॅब्ज यानें ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रावर सहा फ्लिपर बसविले. फ्लिपर म्हणजे पेटीच्या बाजूचें बटण दाबतांच उसळून गोळीला माघारा टोलविणारा लहानसा हात. दुसऱ्याच वर्षीं जेन्को कंपनीच्या ‘ट्रिपल ॲक्शन’ या यंत्रांत स्टीव्ह कॉर्डेक यानें सहांच्या ठिकाणीं दोनच, पण अधिक जोरकस, फ्लिपर फळीच्या तळाशीं बसविले. फ्लिपरची ती जागा आजतागायत मोडली गेलेली नाहीं.

हा बदल केवळ यांत्रिक नव्हता. न्यूयॉर्क शहरांत महापौर ला ग्वार्डिया याच्या कारकीर्दींत सन १९४२ मध्यें पिनबॉलला जुगार ठरवून बंदी झाली. जप्त केलेलीं यंत्रें घणाखालीं फोडलीं गेलीं. म्हणजे बंदी आली तेव्हां फ्लिपर जन्मलेच नव्हते. फ्लिपर आल्यानंतरहि ती बंदी एकोणतीस वर्षें टिकली. सन १९७६ मध्यें रॉजर शार्प यानें नगरपालिकेच्या समितीपुढें प्रत्यक्ष यंत्रावर खेळून, गोळी कोणत्या वाटेनें जाईल हें आधीं सांगून व तशी ती घालवून दाखविली. त्यानंतर ती उठली. दैव कीं कौशल्य हा वाद ज्या वस्तूभोंवतीं इतकीं वर्षें चालला, ती वस्तु जशीच्या तशी अभ्यासकाच्या हातीं पडणें किती अगत्याचें आहे हें यावरून ध्यानीं येईल.

३. यंत्राची रचना

विद्युत्-यांत्रिक यंत्रांत संगणक नाहीं, कीं इलेक्ट्रॉनिक असा एकहि भाग नाहीं. तरीहि तें चार खेळाडूंचे गुण वेगवेगळे मोजतें, कितवी गोळी चालू आहे हें ध्यानांत ठेवतें, व एक विशिष्ट क्रम पुरा झाला म्हणजे बक्षिसाचा दिवा लावतें. हें कसें साधतें तें समजल्याखेरीज दुरुस्तीस हात घालणें व्यर्थ होय.

यंत्राच्या स्मरणाचीं साधनें दोन. पहिलें साधन रिले. वेटोळ्यांतून वीज गेली म्हणजे तें लोहचुंबक बनून एक पट्टी ओढून घेतें, आणि त्या पट्टीबरोबर स्विचांच्या पात्यांचा एक गठ्ठा हलून कांहीं मंडलें जुळतात व कांहीं तुटतात. या गठ्ठ्यांतील एका पात्याच्या जोडींतून रिले स्वतःचीच वीज घेत राहील अशी योजना केली, तर गोळीचा क्षणिक स्पर्श संपला तरी रिले ओढलेलाच राहतो. जणूं झालेली गोष्ट तो मुठींत धरून ठेवतो. दुसरें साधन पायरी-चक्र. दांत्यांचें एक चाक प्रत्येक धक्क्यास एकेक दांता पुढें सरकतें, आणि त्यावरील पितळी बोटें बेकलाइटच्या तबकडींतील एकेका रिव्हेटावर टेकत जातात. चाक जेथें थांबलें असेल, तीच त्याची आठवण.

या दोहोंवर देखरेख करणारी ती स्कोअर-मोटर. तिच्या आंसावर खांचा पाडलेल्या चकत्या असून प्रत्येक चकतीच्या कडेस स्विचांचे गठ्ठे लागलेले असतात. पन्नास गुण द्यावयाचे झाले, तर मोटर एक ठराविक अंश फिरते व दहा गुणांच्या आंकडेचक्रास पांच धक्के देते. खेळतांना ऐकूं येणारी ती परिचित टकटक म्हणजे हेंच पांच वेळां मोजणें होय.

उरलेला संसार सोपा आहे. ट्रान्सफॉर्मर घरांतील वीज उतरवून दिव्यांस सुमारें ६ व्होल्ट व वेटोळ्यांस बहुधा २४ ते ५० व्होल्टपर्यंत पुरवितो. फळीवर सव्वासत्तावीस नव्हे, तर सत्तावीस मिलिमीटर व्यासाची, म्हणजे एक पूर्णांक एक षोडशांश इंच मापाची, सुमारें ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोळी धांवते. पेटींत एका कड्याच्या मधोमध एक लंबक टांगलेला असतो. पेटीला फार हिसका बसला म्हणजे लंबक कड्यास टेकतो, ‘टिल्ट’चा दिवा लागतो व चालू डाव बुडतो.

४. दुरुस्तीचा क्रम

अनेक वर्षें तळघरांत पडलेलें यंत्र हातीं आल्यावर ताबडतोब विजेस जोडून पाहण्याचा मोह होतो. हा मोह सर्वथा टाळावा. अडकलेल्या एका रिलेनें वेटोळें जाळावयास कांहीं मिनिटें पुरतात, व जुन्या तारेवरील कापडी वेष्टन कुरतडलेलें असल्यास दुरुस्त करणाऱ्याच्या जिवावर बेतूं शकतें.

प्रथम, पेटी उघडून आहे त्या स्थितींत सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावींत. पेटीच्या तळाशीं पडलेले स्क्रू, नाणीं, कागदाचे कपटे, तुटलेलीं पातीं हें सर्व एका डब्यांत जमा करावें, झाडून टाकूं नये. तळाशीं पडलेला प्रत्येक स्क्रू कोठून तरी सुटलेला असतो.

दुसरें, मुख्य दोर व फ्यूज तपासावे. जुन्या अमेरिकन यंत्रांस दोन पिनांचा दोर असे. त्यांत भूमिसंपर्क नसे. येथें जुन्याचा आग्रह न धरतां तीन पिनांचा दोर घालून पेटीचे धातूचे भाग भूमीस जोडावे. फ्यूज मूळ मापाचाच असावा. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागीं जाड तार किंवा चांदीचा कागद घालणें म्हणजे पहारेकऱ्यास दूर करून दार उघडें टाकणें होय. भारतांत असें यंत्र चालवावयाचें झाल्यास २३० व्होल्टांवरून ११५ ते १२० व्होल्टांवर उतरविणारा योग्य शक्तीचा ट्रान्सफॉर्मर हवा. शिवाय अमेरिकेंतील वीज सेकंदास ६० आवर्तनांची व आपली ५० आवर्तनांची असल्यामुळें स्कोअर-मोटर येथें कांहींशी मंद फिरते. हा दोष नव्हे. तो शोधीत बसूं नये.

तिसरें, वीज न जोडतां प्रत्येक हलणारा भाग हातानें हलवून पहावा. पायरी-चक्र एकेक दांता पुढें ढकलावें व सोडल्यावर तें आपल्या स्प्रिंगनें शून्यावर परत येतें कीं नाहीं तें पहावें. निरनिराळ्या मिस्त्र्यांनीं वर्षानुवर्षें घातलेलें तेल व ग्रीस वाळून त्याचा डिंकासारखा चिकटा झालेला असतो, आणि यंत्र बंद असण्याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें. चक्र उलगडून स्पिरिटानें स्वच्छ करावें व आंसावर नांवापुरतें वंगण लावावें. वेटोळ्यांत सरकणाऱ्या लोखंडी दांड्यांस मात्र तेलाचा थेंबहि लावूं नये. तेल धूळ धरतें व दांडा अडकतो.

चौथें, एवढें झाल्यावरच यंत्र विजेस जोडावें, आणि तेंहि हात स्विचवर ठेवून. कोणतेंहि वेटोळें तापल्याचा वास येतांच वीज तोडावी.

५. नेहमींचे दोष व त्यांचें निदान

यंत्रासोबत कारखान्याचा मंडलालेख मिळाला तर अर्धें काम झालें असें समजावें. हा आलेख शिडीसारखा असतो: दोन उभ्या रेघा म्हणजे विजेच्या दोन बाजू, व मधली प्रत्येक पायरी म्हणजे एक वेटोळें आणि त्याच्या वाटेंतले स्विच. तारांचे रंगहि त्यावर नोंदलेले असतात. आलेख वाचण्यापूर्वीं तो यंत्राच्या कोणत्या स्थितींत काढला आहे ही कोपऱ्यांतील सूचना वाचावी. ती न वाचल्यास उघडा स्विच मिटलेला व मिटलेला उघडा समजून सर्वच अर्थाचा विपर्यास होतो. मोडी कागदावरील तारीख कोणत्या कालगणनेंतील आहे हें न पाहतां मजकूर लावणाऱ्याची जी फसगत होते, तीच येथें होते.

उदाहरणार्थ, नाणें टाकून खेळ सुरू केला, आंकडेचक्रें शून्यावर आलीं, पण मोटर थांबतच नाहीं, अशी तक्रार नेहमीं आढळते. नवशिका येथें मोटरलाच दोष देतो. वस्तुस्थिति अशी कीं, प्रत्येक आंकडेचक्रावर शून्य ओळखणारा एक स्विच असतो, व सर्व चक्रांनीं आपण शून्यावर असल्याची ग्वाही दिल्याखेरीज मोटर थांबत नाहीं. एका चक्राचा स्विच मळला कीं डोळ्यांस शून्य दिसतें, पण यंत्रास तें कळत नाहीं. तेव्हां थांबत नसलेल्या मोटरकडे न पाहतां, न बोलणारा साक्षीदार कोणता तें शोधावें.

स्विचांच्या पात्यांवरील टिकल्या दोन धातूंच्या असतात. ज्यांतून थोडी वीज जाते त्यांच्या टिकल्या चांदीच्या. त्या मऊ असल्यामुळें त्यांस कानस कधींहि लावूं नये. जाड कागदाची पट्टी टिकल्यांमध्यें धरून, बोटानें हलकेंच दाबून ओढली म्हणजे पुष्कळदां काम भागतें. फ्लिपरसारख्या जोराच्या मंडलांतील टिकल्या टंगस्टनच्या असतात. त्या जळून खडबडीत झाल्या तर बारीक कानशीनें सारख्या कराव्या. पातें वांकवितांना टिकल्या नुसत्या टेकून पुरत नाहीं. टेकल्यावर किंचित् पुढें सरकून एकमेकींस घांसल्या पाहिजेत. या घांसण्यानेंच त्या आपोआप स्वच्छ राहतात.

फ्लिपर दुबळा पडणें हा दुसरा नित्याचा दोष. फ्लिपरच्या वेटोळ्यांत दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेची गुंडाळी जोराचा तडाखा देते; बारीक तारेची गुंडाळी, बटण दाबून ठेवलें असतां, फ्लिपर वर धरून ठेवते. फ्लिपर अगदीं वर पोंचतांच एक स्विच उघडून बारीक गुंडाळी मंडलांत आणतो. हा स्विच मळला तर पहिल्यापासूनच बारीक गुंडाळीवर काम चालतें व टोला बसत नाहीं. तो उघडलाच नाहीं तर जाड गुंडाळीवर सारा भार राहून वेटोळें जळतें. म्हणजे दुबळेपणा व दाह हीं दोन्ही लक्षणें एकाच स्विचाचीं. पुष्कळ वेळां जळलेलें वेटोळें बदललें जातें, पण स्विच तसाच राहतो, व नवें वेटोळेंहि थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेनें जातें.

६. कांच व फळी

पाठीमागच्या उभ्या पेटीवरील रंगीत कांच हा यंत्राचा चेहरा होय. गॉटलीबच्या अनेक यंत्रांवरील रॉय पार्कर याचीं चित्रें आज स्वतंत्रपणें संग्राह्य मानलीं जातात. हीं चित्रें कांचेच्या मागील बाजूस रेशमी जाळींतून थरावर थर देऊन उलट्या क्रमानें छापलेलीं असतात. मागील दिव्यांच्या उष्णतेनें व थंडीनें कांच आणि रंग कमीअधिक प्रसरण पावून रंगाचे पापुद्रे सुटूं लागतात. अशा कांचेची मागील बाजू ओल्या फडक्यानें पुसणें म्हणजे चित्र धुवून टाकणेंच. प्रथम पारदर्शक ॲक्रिलिकचा फवारा बेताबेतानें देऊन रंग जागीं धरावा, आणि मागील दिव्यांच्या जागीं थंड प्रकाशाचे दिवे घालावे. जेथें रंग समूळ गेला आहे तेथें नवा रंग भरावा कीं नाहीं, हा विचाराचा प्रश्न आहे. त्याकडे आम्ही पुढें येऊं.

खेळाची फळी थराच्या कठीण लांकडाची असून तिजवरहि जाळीनेंच छपाई केलेली असते. गोळी सर्वांत अधिक जेथें आदळते तेथें, म्हणजे बंपरांभोंवतीं व फ्लिपरांपुढें, रंग जाऊन लांकूड उघडें पडतें. पाण्यानें लांकूड फुगतें, म्हणून फळीस पाणी लावूं नये. मळ सौम्य द्रावकानें काढून कठीण मेणाचा पातळ हात द्यावा. रबरी कडीं कालांतरानें कडक होऊन तडकतात. तीं सर्व एकदम बदलावीं, कारण गोळीची उसळी, व म्हणून खेळाचा सारा स्वभाव, त्यांवर अवलंबून असतो. फळीचा उतारहि मूळचाच ठेवावा. या काळच्या यंत्रांस तो सुमारें साडेतीन अंश असे. पुढील काळच्या यंत्रांप्रमाणें साडेसहा अंश दिल्यास गोळी वेगानें धांवते खरी, पण तो खेळ त्या यंत्राचा राहत नाहीं.

७. काय पुसूं नये

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. सध्यां संग्राहकांमध्यें यंत्र कारखान्यांतून नुकतेंच बाहेर पडल्यासारखें करण्याची हौस मोठी आहे. नवी छापलेली कांच, नवा रंग दिलेली पेटी, चकाकणारे पाय, वार्निशाचे थर दिलेली फळी, असें यंत्र डोळ्यांस सुखवितें यांत संशय नाहीं. पण कारखान्यांतून बाहेर पडल्या दिवशीं त्या यंत्राचा इतिहास सुरू झालेला नव्हता. तो पुढें दारूच्या गुत्त्यांत, औषधांच्या दुकानांत व बसथांब्यांवर घडला, आणि त्याच्या खुणा याच पृष्ठभागावर आहेत.

कांहीं उदाहरणें घेऊं. अनेक जुन्या यंत्रांच्या पेटींत एक गुप्त बटण आढळतें. खेळणाऱ्यानें जिंकलेले फुकट डाव यंत्रावर जमा होत. दुकानदार त्यांचे रोख पैसे देई व हें बटण दाबून जमा झालेले डाव पुसून टाकी. खेळाचें नांव करमणूक, आणि व्यवहार मात्र जुगाराचा, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणत्या दप्तरांत मिळणार? आजचा दुरुस्त करणारा मात्र या बटणाचें प्रयोजन उरलें नाहीं म्हणून त्याच्या तारा कापून टाकतो व पेटीचें भोंक बुजवितो. ज्या प्रश्नावर शहरोशहरीं बंद्या झाल्या, त्याच प्रश्नाचा कागद येथें फाडला जातो.

उलट बाजूनें, ज्या प्रांतांत फुकट डाव देणेंहि बेकायदेशीर होतें तेथें कारखानदारांनीं, डावाऐवजीं जादा गोळी बक्षीस देणारीं यंत्रें काढलीं. सन १९६० मधील गॉटलीबचें ‘फ्लिपर’ हें या वर्गांतलें आद्य यंत्र. यंत्र कोणत्या पद्धतीवर लावलेलें सांपडलें, जोडणीचे प्लग कोणत्या भोंकांत होते, यावरून तें कोणत्या कायद्याखालीं चाललें हें समजूं शकतें. प्लग हलविण्यापूर्वीं त्यांची नोंद करावी ती यासाठीं.

तिसरें उदाहरण युद्धकालाचें. सन १९४२ मध्यें अमेरिकन सरकारच्या आज्ञेनें नवीं यंत्रें निर्माण करणें थांबलें. तेव्हां कांहीं कारखान्यांनीं जुन्याच यंत्रांवर नवी चित्रकला व नवें नांव चढवून तीं पुन्हां बाजारांत आणलीं. जुन्या पोथीवर हरताळ फासून दुसरा मजकूर लिहावा तसाच हा प्रकार. अशा यंत्राचा वरचा थर ‘मूळचा नव्हे’ म्हणून खरवडून खालचें जुनें यंत्र बाहेर काढावें कीं काय? आमचें उत्तर नकारार्थी आहे. युद्धकालीन थर हाहि मूळच आहे. फक्त तो दुसऱ्या प्रसंगाचा मूळ आहे.

याखेरीज लांकडी कडांवरील सिगारेटचे डाग, नाण्याच्या फटीवर बदललेली किंमत, यंत्र भाड्यानें लावणाऱ्या व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या, पेटीच्या आंत मिस्त्र्यानें पेन्सिलीनें टिपलेल्या तारखा, या सर्वांस आम्ही लेखी पुराव्याचा मान देतों.

यावर असा आक्षेप येईल कीं, न चालणारें यंत्र संग्रहालयांत नुसतें ठेवून काय उपयोग? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पिनबॉल-यंत्र हें वाचावयाचें म्हणजे चालवावयाचें. गोळीचा वेग, घंटांचा नाद, टिल्टचा धाक, हें सर्व चालत्या यंत्रांतच कळतें. बंद यंत्र म्हणजे बांधून ठेवलेली पोथी. कॅलिफोर्नियांत अलमीडा येथें लोकांस प्रत्यक्ष खेळावयास देणारें संग्रहालय उभें राहिलें तें याच जाणिवेनें. तेव्हां प्रश्न दुरुस्ती करावी कीं नाहीं हा नसून, यंत्राच्या कोणत्या भागाची दुरुस्ती साक्ष न बिघडवितां होऊं शकते हा आहे.

८. तीन वर्ग

आमच्या मतें यंत्राच्या सर्व भागांचे तीन वर्ग करावे. पहिल्या वर्गांत झिजण्यासाठींच घातलेले भाग येतात: रबरी कडीं, दिवे, फ्यूज, वेटोळ्यांतील नळ्या, गोळी. चालत्या काळांतहि हे वेळोवेळीं बदललेच जात. ते निःशंकपणें बदलावे. जीविताच्या सुरक्षिततेसाठीं करावयाचे बदलहि याच वर्गांत घालावे.

दुसऱ्या वर्गांत वेटोळीं, पातीं, पायरी-चक्रें, स्प्रिंगा हे कार्यकारी भाग. हे शक्य तों स्वच्छ करून व जुळवून वापरावे. बदलणें भाग पडल्यास जुना भाग फेंकून न देतां, त्यास चिठ्ठी बांधून कापडी पिशवींत घालून पेटीच्या तळाशीं ठेवावा. नवें काम असें असावें कीं पुढच्या माणसास तें सहज उलटवितां यावें. नवी तार घालतांना जुन्याच रंगाची नक्कल करण्यापेक्षां स्पष्टपणें निराळी तार घालणें बरें, म्हणजे नव्याजुन्याचा घोटाळा होणार नाहीं.

तिसऱ्या वर्गांत कांच, फळी, पेटीचा रंग, कागद, डाग, गुप्त बटणें व व्यापाऱ्यांनीं केलेले फेरफार. यांस स्थिर करावें, स्वच्छ करावें, पण नवें करूं नये. ज्यास पूर्ण चित्र डोळ्यांपुढें हवें असेल त्यानें नवी छापलेली कांच समोर बसवावी व मूळ कांच वेष्टनांत जपून ठेवावी. जुन्या कांचेंत रंग भरावयाचाच असेल, तर तो मागून, वेगळ्या पारदर्शक पत्र्यावर भरून पाठीस लावावा. हस्तलिखितांतील तुटक अक्षरें संपादक कंसांत पुरी करतो, मूळ कागदावर शाई फिरवीत नाहीं. तोच न्याय येथें लावावा.

९. इलेक्ट्रॉनिक यंत्रांविषयीं दोन शब्द

सन १९७७ च्या सुमारास रिलेंची जागा सूक्ष्मसंस्कारकांनीं घेतली. त्या यंत्रांचें दुखणें निराळें आहे. गुण ध्यानांत ठेवण्यासाठीं बसविलेल्या बॅटऱ्या गळून त्यांचा क्षार तांब्याच्या रेघा खाऊन टाकतो; म्हणून असें यंत्र हातीं येतांच बॅटरी दूर करणें हें पहिलें काम. तेथें खेळाचे नियम डोळ्यांस दिसणाऱ्या तारांत नसून स्मृतिचिपेंत लिहिलेले असतात. चिप बिघडण्यापूर्वीं तींतील मजकुराची प्रत करून ठेवणें हें तेथील जतनाचें मर्म होय. गॉटलीबची परंपरा सन १९९६ मध्यें खंडित झाली, व विल्यम्स कंपनीनें सन १९९९ मध्यें पिनबॉलचें उत्पादन थांबविलें. तेव्हांपासून या कंपन्यांच्या जुन्या यंत्रांची विद्या मुख्यतः दुरुस्त करणाऱ्यांच्या हातीं राहिली आहे.

१०. उपसंहार

यावरून एक व्यावहारिक सूचना करून हा लेख आम्ही पुरा करतों. प्रत्येक जीर्णोद्धारित यंत्राच्या पेटींत एक दुरुस्तीपत्र असावें. यंत्र कोणत्या स्थितींत सांपडलें, प्लग कोठें होते, काय बदललें, काय ठेवलें, कोणता रंग मूळचा व कोणता नवा, हें त्यांत तारखेसह लिहावें, आणि कामापूर्वींचीं छायाचित्रें सोबत जोडावींत. त्यासाठीं एक संध्याकाळ पुरते. असें पत्र नसलेलें सुंदर यंत्र पन्नास वर्षांनीं अभ्यासकापुढें आलें, तर तें कारखान्याचें कीं दुरुस्त करणाऱ्याचें हें त्यास ठरवितां येणार नाहीं, व तो त्याचा पुरावा बाजूस सारील. तसें करणें त्यास भागच पडेल. तज्ज्ञांनीं वरील तीन वर्गांची विभागणी प्रत्यक्ष कामाच्या कसोटीवर लावून पहावी, व तींत जें उणें आढळेल तें दाखवून द्यावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.